वापरून पाहण्याचा हक्क

स्वतःच्या दुखण्याविषयी जाहीरपणे लिहू नये, असा आमच्या पिढीवरचा एक संस्कार आहे. तो बाजूला ठेवून हा लेख लिहीत आहे. गेल्या काही वर्षांत या दुखण्याच्या निमित्ताने मला ज्या ठिकाणी जावे लागले, तेथे मी आयुष्यभर वर्गात शिकवीत आलेला अर्थशास्त्रातला एक प्रश्न मला प्रत्यक्ष भेटला, आणि तो माझ्या एकट्याचा नाही, एवढेच त्याचे समर्थन.

२०२२ च्या जानेवारीत मला चार दिवस ताप आला. तो उतरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना पाय आपले नाहीत असे वाटले. दुपारपर्यंत बेंबीखालची संवेदना गेली व लघवी अडली. निदान झाले ते ट्रान्सव्हर्स मायलायटिस या आजाराचे. मज्जारज्जूच्या एखाद्या टप्प्याला सूज येते आणि त्या टप्प्याखाली मेंदूचे आदेश पोचेनासे होतात. दहा लाख लोकांत वर्षाकाठी एक ते आठ जणांना होणारा हा विकार आहे. सलाईनमधून स्टेरॉइड दिले गेले. तीन महिन्यांनी मी काठी घेऊन उभा राहिलो. उजवा पाय बहुतेक सावरला. डाव्या पायाची मांडी आणि गुडघा कामापुरते परत आले. चवडा मात्र वर उचलला जाईना. वैद्यकीय भाषेत याला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात.

चालताना निरोगी माणूस पाऊल पुढे टाकण्यापूर्वी नकळत चवडा वर ओढून घेतो. नडगीवरच्या स्नायूंचे हे काम. ते बंद पडले की चवडा खाली लोंबतो, बोटे जमिनीला घासतात, उंबरठ्याला ठेच लागते आणि ते टाळण्यासाठी माणूस मांडीच उचलून किंवा कंबरेतून पाय गोल फिरवून टाकू लागतो. शंभर पावलांत तो दमतो. माझ्या बाबतीत हे प्रथम बोलून दाखवले ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या चप्पल दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी. “सर, डाव्या चपलेचं पुढचं टोक महिन्यात खलास होतंय आणि टाच नवीच्या नवी. पाय घासताय तुम्ही. पडाल एखाद्या दिवशी.” पुढच्याच आठवड्यात मी ग्रंथालयाच्या पायरीवर पडलो.

उपाय दोन. पहिला जुना आणि साधा, म्हणजे प्लॅस्टिकचा स्प्लिंट. पोटरीपासून तळव्यापर्यंत मागून आधार देणारा हा साचा पाऊल काटकोनात धरून ठेवतो आणि काही हजार रुपयांत मापाने करून मिळतो. दुसरा विजेचा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, हाडाचे एक टोक हाताला लागते. त्याला वळसा घालून पेरोनियल नावाची नस नडगीकडे उतरते. तेथे कातडीवर दोन इलेक्ट्रोड चिकटवतात. टाच जमिनीवरून सुटली की बुटातल्या तळव्याखालचा खटका यंत्राला कळवतो, यंत्र त्या नसेला विजेचे अगदी सूक्ष्म झटके देते, स्नायू आकसतो आणि चवडा वर येतो. टाच पुन्हा टेकली की वीज बंद. मेंदूचा जो आदेश वाटेत अडकला आहे, तो आदेश खालच्या टप्प्यावर बाहेरून द्यायचा, एवढेच या यंत्राचे तत्त्व.

या तत्त्वाचा इतिहास मी मुद्दाम शोधून वाचला, आणि तो या पानाच्या वाचकांना सांगण्याजोगा आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतील डॉ. व्लादिमिर लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांवर टाचेखालच्या खटक्याचा हा प्रयोग प्रसिद्ध केला. यंत्र काढल्यानंतरही काही रुग्णांचा चवडा थोडा वेळ आपणहून उचलला जातो, हेही त्यांनी नोंदवून ठेवले होते. पुढे हे काम उचलले ते युगोस्लाव्हियाने. आम्ही एम.ए.ला असताना त्या देशाचे नाव कारखान्यांच्या कामगार-स्वयंव्यवस्थापनासाठी घेत असू आणि त्यावर रात्र-रात्र वाद घालत असू. त्याच काळात ल्युब्लियाना विद्यापीठातील लोइझे वोडोव्निक हे अभियंते आणि तेथील पुनर्वसन संस्थेतील डॉक्टर मिळून अशी यंत्रे रुग्णांच्या पायाला बांधत होते, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. वोडोव्निक यांनी साठच्या दशकात काही काळ अमेरिकेत क्लीव्हलँड येथेही संशोधन केले. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन्ही देशांचे लोक एका पायाच्या चवड्यावर एकत्र काम करीत होते! त्यानंतर इंग्लंडमध्ये सॉल्सबरी येथील सरकारी रुग्णालयात ओडस्टॉक नावाचे यंत्र घडले. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड स्टाइन यांच्या गटाने टाचेखालच्या खटक्याऐवजी पायाचा कल ओळखणारे यंत्र विकसित केले. विद्यापीठे, सरकारी रुग्णालये, सार्वजनिक पैसा. पायाभूत ज्ञानाचा मोठा वाटा असा समाजाच्या खर्चाने उभा राहिला.

तेच ज्ञान माझ्यापर्यंत आले ते पुण्यातल्या एका हॉटेलच्या सभागृहात.

एका विक्रेत्याने तेथे ‘प्रात्यक्षिक शिबिर’ ठेवले होते. सांगलीहून एस.टी.ने मी आणि पत्नी गेलो. माझी पाळी आली तेव्हा एका तरुणाने इलेक्ट्रोड लावले, बटण दाबले, आणि दीड वर्षानंतर प्रथमच माझा डावा चवडा माझ्या डोळ्यांदेखत वर आला. तो क्षण मी नाकारणार नाही. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. गालिचा अंथरलेल्या त्या सभागृहात मी दोन फेऱ्या मारल्या. दहा मिनिटे झाली. किंमत सांगण्यात आली अडीच लाखांच्या आसपास. “घरी नेऊन आठ-पंधरा दिवस वापरून पाहता येईल का?” असे मी विचारले. तसे धोरण नाही, असे उत्तर मिळाले. आज आगाऊ रक्कम भरली तर सवलत होती.

माझ्यानंतर पंढरपूरकडचे एक शेतकरी होते. वय पन्नाशीचे, लहानपणी पोलिओ झालेला, नडगी काठीसारखी वाळलेली. तरुणाने इलेक्ट्रोड लावले, वीज वाढवीत नेली. त्या गृहस्थांचा चेहरा वेदनेने आवळला, पाऊल मात्र तसूभर हलले नाही. “सवय झाली की हलेल, काका,” असे त्यांना सांगण्यात आले. आणि त्यांनी आगाऊ रक्कम भरली.

ते पाऊल कधीही हलणार नाही. हे ज्ञान काही गूढ नाही. हे यंत्र चालते ते वरचा मार्ग बिघडलेला पण खालची नस आणि स्नायू शाबूत असलेल्या माणसात. पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरॉसिस, माझ्यासारखा मायलायटिस, मणक्याच्या क्षयाने किंवा सरकलेल्या मणक्याने वरच्या टप्प्यावर दबलेला मज्जारज्जू, या साऱ्यांचा त्यात समावेश होऊ शकतो. पोलिओत मज्जारज्जूतून स्नायूकडे जाणाऱ्या नसेच्या मूळ पेशीच मरतात. कुष्ठरोगात पेरोनियल नसच खराब होते. आपल्या देशात चवडा लोंबण्याची ही दोन फार जुनी आणि फार मोठी कारणे, आणि दोन्हींत हे यंत्र निरुपयोगी. त्यांच्यासाठी स्प्लिंट आहे, कुष्ठरोगात स्नायूबंध वळवून लावण्याची शस्त्रक्रिया आहे. नसेवर वीज देऊन स्नायू आकसतो की नाही हे पाहायला जाणकार फिजिओथेरपिस्टला काही मिनिटे पुरतात. त्या सभागृहात ती परीक्षा सर्वांच्या देखत झाली होती आणि तिचा निकाल नकारार्थी होता. फक्त निकाल वाचणारा माणूस विक्रेत्याचा नोकर होता. मी उठून त्या शेतकऱ्यांना गाठले, मला कळत होते तेवढे सांगितले. पैसे परत मिळाले की नाही हे मला अखेर कळले नाही.

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, तो मी किमान पंचवीस वर्षे शिकवला. विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला माहीत नाही, अशा ठिकाणी बाजार नीट चालत नाही, हे त्यातले एक मर्म. पण आमच्या यंत्राच्या बाबतीत गोष्ट याहूनही पुढची आहे. येथे प्रामाणिक विक्रेत्यालाही आधी माहीत नसते. खालची नस शाबूत असली तरी हे यंत्र एखाद्याला लागू पडेल का, हे पुष्कळ गोष्टींवर ठरते. पोटरीचे स्नायू किती ताठर झाले आहेत, घोटा आखडला आहे का, विजेची टोचणी सहन होते का, हाताला इलेक्ट्रोड नेमक्या जागी लावता येतात का, घरात कोणी मदतीला आहे का. त्याचे उत्तर फक्त वापरातून, आणि तेही काही आठवड्यांच्या वापरातून मिळते. आंब्याचा व्यापारीसुद्धा एक फोड हातावर ठेवतो आणि मग पेटीची किंमत सांगतो. येथे पेटी आधी घ्यावयाची.

माझी स्वतःची परीक्षा पुढे झाली ती एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या चांगुलपणामुळे. त्यांनी आपल्याजवळचे एक जुने यंत्र मला तीन आठवडे दिले. पहिले दोन दिवस इलेक्ट्रोडची जागा शोधण्यातच गेले. बोटभर इकडेतिकडे झाले की पाऊल वर येण्याऐवजी बाहेर वळे. तिसऱ्या दिवसापासून जमले. दहा मीटर अंतर मला एरवी एकोणीस सेकंदांत कापता येई, ते पंधरा सेकंदांत येऊ लागले. रस्त्यावर ठेच लागेनाशी झाली, आणि चालताना खाली न पाहता समोरच्या माणसाशी बोलता येऊ लागले. हा लाभ कोणत्याही तक्त्यात बसत नाही, पण माझ्या लेखी तो चार सेकंदांहून मोठा होता.

गैरसोयीही होत्या, आणि त्या आपल्या राहणीच्या होत्या. खटका बुटात. आपण घरात अनवाणी चालतो, देवळात, ओट्यावर, परसात चपला काढतो. म्हणजे जेथे उंबरठे आहेत तेथेच यंत्र बंद. कल ओळखणाऱ्या यंत्राला बूट लागत नाही, पण ते आणखी महाग. उन्हाळ्यात घामाने इलेक्ट्रोड सुटत. ते महिन्याभरात नवे लागतात, हा खर्च कायमचा. पत्नीने विचारले, “बाईमाणसानं हे नऊवारीत कसं बांधायचं आणि उकिडवं बसताना काय करायचं?” याचे उत्तर माहितीपुस्तिकेत नव्हते. ते असण्याचे कारणही नाही. यंत्राची कल्पना जेथे वाढली तेथे माणसे घरातही बूट घालतात आणि खुर्चीवर बसतात. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो कृत्रिम पाय घडवला, त्याची थोरवी त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत होती: या पायाने अनवाणी चालता येईल का, मांडी घालून बसता येईल का, चिखलात उतरता येईल का? विजेच्या यंत्राबाबत हे प्रश्न आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी घ्यावेत अशी माझी इच्छा आहे. स्नायूदुखीसाठी औषधाच्या दुकानात जे विजेचे यंत्र काही हजारांत मिळते, त्याचे आणि या यंत्राचे विद्युत्-मंडल एकमेकांपासून फार दूर नाही. फरक आहे तो नेमक्या क्षणी चालू-बंद होण्याचा, आणि सुरक्षिततेच्या कसोट्यांचा. (हे वाचून कोणी दुकानातले यंत्र आणून गुडघ्याला बांधू नये. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी, फिट्स येणाऱ्यांनी आणि छातीच्या वरच्या टप्प्यावर मज्जारज्जू दुखावलेल्यांनी तर डॉक्टरांशिवाय विजेच्या वाटेस जाऊच नये.)

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप माझ्याच एका जुन्या सहकाऱ्याने घेतला. ज्या राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात साप चावल्यावरची लस वेळेवर मिळेल याची खात्री देता येत नाही, तेथे अडीच लाखांच्या यंत्राची मागणी हा मध्यमवर्गीयांचा हट्ट नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. दुसरा आक्षेप मी स्वतःच काढतो. यंत्र स्प्लिंटहून सरस आहे हे सिद्ध झालेले नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत पक्षाघाताच्या १९७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्प्लिंटवाल्या आणि यंत्रवाल्या, दोन्ही गटांची चाल सुधारली, आणि वेगात दोहोंत फरक आढळला नाही. यंत्र वापरणारे अधिक समाधानी होते, एवढेच. पुढच्या वर्षीच्या, ४९५ रुग्णांच्या चाचणीचाही सूर तोच. यंत्र काढल्यावरही कायमची सुधारणा होते, हा विक्रेत्यांचा आवडता दावा तर काही थोड्यांच्या बाबतीत आणि थोड्या प्रमाणात खरा असतो. हे रोगावरचे औषध नाही. चष्म्यासारखे आहे, घातला तोवर दिसते.

पण या दोन्ही आक्षेपांतून निष्कर्ष निघतो तो यंत्र नाकारण्याचा नव्हे. सरसकट सर्वांना स्प्लिंट आधी द्यावा आणि तो नीट मापाचा द्यावा, हे बरोबरच. ज्याला स्प्लिंटने जखमा होतात, ज्याला त्यात उकिडवे बसता येत नाही, ज्याला लांब चालावे लागते, त्याने यंत्र वापरून पाहावे, आणि त्यातही ज्याला लागू पडेल त्यालाच ते मिळावे. म्हणजे थोड्यांना. हे थोडे कोण ते ठरवण्याची व्यवस्था नसल्यामुळे आज ते ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला मिळते, आणि त्यातल्या कित्येकांकडे ते कपाटात पडून राहते. उधळपट्टी हीच आहे.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला? ब्रिटनमध्ये नाइस या सार्वजनिक संस्थेने जानेवारी २००९ मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध केले. मेंदू वा मज्जारज्जूच्या विकाराने लोंबणाऱ्या चवड्यासाठी या उपचाराचा पुरावा पुरेसा आहे, मात्र रुग्णाची निवड विविध शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून करावी, असे त्यात म्हटले आहे. तेथे यंत्र दुकानातून येत नाही, दवाखान्यातून येते, आणि बसवल्यावर ठराविक मुदतींनी तपासणी होते. अर्थात कोणत्या भागातील आरोग्यमंडळ पैसे देते आणि कोणत्या भागातील देत नाही, याबद्दल तेथेही तक्रारी आहेत. अमेरिकेचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. बाजाराचे माहेरघर तो देश. तेथील वृद्ध व अपंगांच्या सरकारी विम्याने २००३ पासून मज्जारज्जूच्या दुखापतीत चालण्यासाठी अशा यंत्राचा खर्च उचलण्याचे मान्य केले. अट अशी की रुग्णाने त्या यंत्रासह तीन महिन्यांत किमान ३२ वेळा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सराव पुरा केलेला असावा. आधी वापर, मग पैसे. जेथे सरकार स्वतः ग्राहक असते, तेथे ते वापरून पाहण्याचा हक्क स्वतःसाठी राखून ठेवते. एकट्या रुग्णाला मात्र तो मिळत नाही.

आपल्याकडे किंमत-नियंत्रणाचा मार्ग सुचवला जाईल. २०१७ मध्ये केंद्र सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या आणि मग गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तो निर्णय योग्यच होता. परंतु स्टेंट बसवावा की नाही हे डॉक्टर ठरवतो, रुग्णाला तो घरी नेऊन पाहायचा नसतो. आमच्या यंत्राची किंमत उद्या निम्मी झाली, तरी पंढरपूरच्या त्या शेतकऱ्याचे निम्मे पैसे बुडणारच.

म्हणून मागणी छोटी आणि नेमकी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात अशी दोन यंत्रे असावीत. ती कोणाला द्यायची नाहीत, सहा-सहा आठवड्यांच्या बोलीने उसनी द्यायची, ग्रंथालयातले पुस्तक द्यावे तशी. आधी नसेची परीक्षा, स्प्लिंटवरची चाल आणि यंत्रावरची चाल यांची नोंद, आणि मुदतीअखेर फिजिओथेरपिस्ट व रुग्ण यांनी मिळून दिलेला शेरा. ज्याच्या बाबतीत शेरा अनुकूल, त्यालाच सरकारी साहाय्यातून यंत्र मिळावे आणि इलेक्ट्रोडचा पुरवठा औषधांप्रमाणे रुग्णालयातून व्हावा. राज्यात ३६ जिल्हे, म्हणजे ७२ यंत्रे. मला सांगितलेल्या चढ्या किमतीनेही हा हिशेब एक कोटी ऐंशी लाखांचा होतो, आणि एकत्रित खरेदीत तो बराच खाली यावा. खरा खर्च यंत्रांचा नाहीच. तो आहे प्रशिक्षित आणि कायमस्वरूपी नेमलेल्या फिजिओथेरपिस्टचा. तो माणूस नसेल तर ही ७२ यंत्रे कपाटात पडतील आणि पुढच्या वर्षी कोणी लेखापरीक्षक त्यांवरची धूळ मोजील. पण तो माणूस असेल, तर पक्षाघाताचे, क्षयाचे, पोलिओचे, कुष्ठरोगाचे, सर्वच पाय त्याच्यासमोर येतील, आणि माझ्या सहकाऱ्याच्या आक्षेपाला तेच उत्तर आहे.

अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या आपल्या व्याख्यानात ‘समता कशाची?’ असा प्रश्न विचारला होता, आणि त्यात अपंग माणसाचे उदाहरण घेतले होते. दोघांना सारखेच उत्पन्न दिले तरी ज्याचा पाय उचलत नाही त्याला त्याच पैशात तेवढेच हिंडता येत नाही. हे उदाहरण मी फळ्यावर कितीदा मांडले असेल! ते मांडताना मी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असे, हे आता आठवते.

माझ्यापुरते सांगायचे तर मी यंत्र विकत घेतले नाही. घरात स्प्लिंट वापरतो. आम्ही तिघा रुग्णांनी वर्गणी काढून एक वापरलेले यंत्र मात्र घेतले आणि ते त्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे ठेवले आहे. ज्याला पाहायचे त्याने ते न्यावे, नाव वहीत लिहावे, परत आणावे. वहीतल्या नावांपैकी बहुतेकांनी ते ‘नको’ म्हणून परत केले. त्या प्रत्येकाचे अडीच लाख वाचले, असे मी धरतो. दोघांनी मात्र ते परत करताना, असे यंत्र आता आम्हांला कोठून मिळेल, असे विचारले आणि त्यांना द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांतल्या एका शिक्षिकेचा अर्ज आम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांकडे दिला आहे. त्याला बाईंच्या वहीतल्या तिच्या नोंदीची प्रत जोडली आहे.